चार बोटं सोडून

सदर : परसदार

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला खोलीत बोलावलं आणि विचारलं, "उद्या अभ्यंगस्नानाचं काय ठरलंय?" त्यांच्या पोटाला नळी होती. अन्ननलिकेच्या कॅन्सरमुळे तोंडाने घोटभर पाणीही जाईना, म्हणून एप्रिलमध्ये पोटाला बारीक छिद्र पाडून थेट जठरात नळी बसवली होती. ऑगस्टपासून त्या छिद्राच्या कडेने गळत होतं. मी म्हटलं, "उद्या नर्सला फोन करून विचारते." त्यावर अण्णा म्हणाले, "तिला कशाला विचारतेस? तुला माहीत आहे सगळं."

दोन महिन्यांपूर्वी हेच अण्णा मला त्यांच्या सदऱ्याचं खालचं बटणसुद्धा उघडू देत नव्हते.

गेली चार वर्षं या पानावर मी फराळाविषयी, मुलांच्या मराठीविषयी, इथल्या शाळांविषयी लिहिलं. यंदाचा विषय वेगळा आहे. दिवाळीच्या अंकात चालेल का, असं संपादकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आपल्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी आजारी आहे, इथे नाहीतर तिकडे. लिही." तेव्हा लिहिते आहे. फक्त चिवड्याची वाटी बाजूला ठेवून वाचा.

सुरुवात बनियनवरच्या एका पिवळसर डागाने झाली. मला वाटलं, नळीतून अन्न देताना सांडलं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग, आणि आंबूस वास. आमची वेळही चुकीची. नवरा नोकरीसाठी आठवड्यातले चार दिवस दुसऱ्या गावी, आणि माई, म्हणजे सासूबाई, यांचे हात कापतात. उरले मी. अण्णा इथे येऊन पन्नास वर्षं झालेली, जन्मभर कारखान्यात इंजिनियर, इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण सुनेने पोट पाहायचं म्हटल्यावर ते थेट कोल्हापूरचे झाले. "ठेव तिथे गॉज, मी बघतो," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मीही फार आग्रह धरला नाही. खरं सांगायचं तर मलाही संकोच होताच.

त्या संकोचाची किंमत अण्णांच्या कातडीने मोजली. ते आपल्या हाताने गॉजच्या घड्या ठेवत होते, मी भिजलेल्या काढून नव्या देत होते. आधी एक, मग तीन, मग सात-आठ. गळतंय म्हणजे टिपायला जास्त हवं, इतका साधा हिशोब. रुग्णालयात फोन केला तर "थोडंफार गळतंच" असं उत्तर मिळालं आणि गॉजची आणखी पाकिटं आली. माईंनी खोबरेल सुचवलं, ते लावलं. मग मी कोमट पाण्यात जंतुनाशकाचे थेंब टाकून पुसायला सांगितलं, कारण लहानपणापासून खरचटलं की हेच पाहिलेलं. एके दिवशी अण्णांनी नळीला हात लागताच दात आवळले, आणि मी न विचारता सदरा वर केला.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'त्वचा लाल झाली तर कळवा.' मी लाल शोधत होते. अण्णांचा रंग सावळा. तिथे लाल काही नव्हतंच. नळीभोवती तळहाताएवढा भाग जांभळट-काळपट, चकचकीत, आणि मध्ये दोन ठिकाणी साल निघाल्यासारखा ओला. मी ओळखलंच नाही. दुसऱ्या दिवशी आलेली डिस्ट्रिक्ट नर्स केरळची. तिने हातमोजा घालून बोटांच्या पाठी आधी लांबच्या कातडीवर टेकवल्या, मग नळीजवळच्या. "इथे गरम लागतंय, जरा कडकही आहे. आपल्या रंगावर लाल शोधायचं नाही. शेजारच्या कातडीशी ताडून पाहायचं आणि हाताने पाहायचं." मग अण्णांना म्हणाली, "अप्पच्चन, फार आग होते ना?" अण्णा हो म्हणाले. आम्हाला ते दोन आठवडे "ठीक आहे" सांगत होते.

तिने मला जे समजावलं ते मी वर्गात शिकवल्यासारखं घरात सगळ्यांना सांगितलं, म्हणून इथेही सांगते. जठरातल्या आम्लाचा पीएच साधारण १ ते २ असतो, आपल्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. शिवाय जठररसात प्रथिनं पचवणारं पेप्सिन असतं, आणि कातडी प्रथिनाचीच. बाहेर आलेला रस कातडीवर बसून राहिला की तो आपलं काम सुरूच ठेवतो. माझ्या गॉजच्या घड्या तो रस टिपून तिथेच, कातडीला चिकटवून धरत होत्या. त्याहून वाईट म्हणजे त्या जाड घड्यांमुळे नळीवरची बाहेरची चकती वर ढकलली जात होती. ही चकती कातडीपासून अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास हवी; आमची दोन सेंटीमीटर वर गेली होती. त्यामुळे नळी आत-बाहेर हलायची, छिद्र सैल व्हायचं आणि आणखी गळायचं. खोबरेलामुळे वर काही चिकटत नव्हतं, आणि तेलकट मलमांनी काही प्रकारच्या नळ्याही खराब होतात. जंतुनाशकाने उरलंसुरलं कातडं कोरडं पडून फुटत होतं. थोडक्यात, प्रेमाने जे जे केलं ते सगळं उलटं.

मग तिने कारण शोधायला घेतलं. ही नळी आतल्या बाजूने पाण्याने भरलेल्या छोट्या फुग्याने अडकून राहते. आमच्या फुग्यात ५ मि.ली. पाणी हवं होतं. सिरिंजने काढलं तर जेमतेम ३ निघालं. ते निर्जंतुक पाण्याने पुन्हा भरलं आणि दर आठवड्याला तपासायचं ठरलं. (हे घरच्यांनी शिकल्याशिवाय करू नये.) अण्णांना पाच दिवस शौचाला झालं नव्हतं, ते तिने विचारून काढलं, पोट तट्ट असलं, सारखा खोकला असला, की आतला दाब वाढतो आणि रस सापडेल त्या वाटेने बाहेर येतो. अन्न देताना आणि नंतर तासभर पाठ उंच ठेवायची, तीही आम्ही दुपारी विसरत होतो. डॉक्टरांनी आम्ल कमी करणारं औषध नळीतून सुरू केलं. मी विचारलं, "जाड नळी घातली तर भोक बंद होईल ना?" तिने मान हलवली. जाड नळी छिद्र ताणते, आणि थोड्या दिवसांनी तीही गळते.

यातलं काही लगेच लागू पडलं, काही नाही. गळती निम्म्यावर आली, पण थांबली नाही. ती थांबणार नाही, हे रुग्णालयातून परतताना कळलं. आजार पुढे सरकला होता, जठर नीट रिकामं होत नव्हतं. त्यानंतर घरी येणारी नर्स हॉस्पिसची होती. हॉस्पिस म्हटलं की आपल्याकडे धडकी भरते, माझ्याही भरली. पण सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स सुरू केलं तेव्हापासूनचा विचार हा, की आजार बरा होणार नसला तरी वेदना, वास, ओल, झोप यांवर करण्यासारखं पुष्कळ उरतं. आम्हाला ते नळीभोवतीच्या चार बोटं जागेत दिसलं.

नवा दिनक्रम असा होता. कोमट साध्या पाण्याने, मऊ कापडाने, न घासता पुसायचं. साबण नाही, फार तर बिनवासाचा. टिपून कोरडं करायचं. हेअर ड्रायर नाही (मी विचारलं होतं). मग बॅरिअर फिल्मचा फवारा. आमच्याकडे कॅव्हिलॉन होतं. तो अल्कोहोलविरहित असल्याने सोललेल्या कातडीलाही झोंबत नाही, आणि अर्ध्या मिनिटात नखाला लावायच्या रंगहीन पॉलिशसारखा पातळ थर वाळतो. वाळेपर्यंत थांबायचं, हे महत्त्वाचं. जिथे फक्त ड्रेसिंग ठेवायचं तिथे गॉजऐवजी एकच पातळ फोमचा तुकडा. तो ओल वर ओढून घेतो, कातडीवर ठेवत नाही. झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं तर अगदी पातळ, आणि दर वेळी खरवडून काढायचं नाही. वरचा मळलेला थर तेवढा टिपायचा. पण मलम लावलं तर त्यावर चिकटणारं काही बसत नाही, तेव्हा दोन्हींपैकी एक निवडायचं. चिकटपट्टी ओढून काढायची नाही. एका हाताने कातडी धरून पट्टी कातडीलगत आडवी, सावकाश सोडवायची. सत्तरीपुढची कातडी पतंगाच्या कागदासारखी असते.

आणि शेवटी पिशवी. नर्स म्हणाली, दिवसातून तीन-चारदा ड्रेसिंग भिजत असेल तर टिपणं सोडा आणि गोळा करायला लागा. आतड्याची वाट पोटावर काढलेल्या लोकांना जी स्टोमाची पिशवी लावतात, तीच नळीभोवती लावायची. तिच्या मागे एक मऊ चिकट चकती असते, तिला वेफर म्हणतात. (आमच्या धाकट्याने दोन दिवस घरात बटाट्याचे शोधले.) त्या चकतीला नळीच्या छिद्रापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायचं, त्याहून मोठं कापलं तर उघडी राहिलेली कातडी पुन्हा सोलते. एका बाजूने चीर देऊन ती मफलरसारखी नळीभोवती बसवायची, चिरेवर अल्कोहोलविरहित पेस्ट, आणि पिशवीच्या पुढच्या बाजूला बारीक छेद देऊन नळी बाहेर काढायची, म्हणजे अन्न देणं चालू राहतं. तो छेद चिकटपट्टीने बंद. पहिल्यांदा हे सगळं नर्सने केलं.

ती कापत असताना भिंतीकडे तोंड करून पडलेले अण्णा हळूच वळले. चष्मा मागितला. बराच वेळ पाहून म्हणाले, "हे गॅस्केट आहे."

त्यानंतर सगळं पालटलं. ते पोट राहिलं नाही, जोड झाला. जोड गळत होता आणि तो त्यांच्या खात्यातला प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हर्निअर कॅलिपर मागवला, तो गॅरेजमधून सापडला, आणि भोकाचा व्यास मोजून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा काढून दिला. साचा ठेवून पेनने गोल काढायचा, वाकड्या टोकाच्या कात्रीने कापायचा, आणि कडेवर बोट फिरवून खरखर राहिली नाही ना ते पाहायचं. चिकटवण्याआधी चकती तळहातांत धरून गरम करायची, कारण गरम झाली की ती नीट बसते. हे काम त्यांचं. त्यांचे हात गार पडायचे, म्हणून चकती काखेत धरून बसायचे. मी काम करताना ते आरसा धरायचे आणि सूचना द्यायचे. "डावीकडे सुरकुती राहिली." "तिथे दाब." माझ्या नऊ वर्षांच्या मास्तरकीत मला इतका कडक इन्स्पेक्टर भेटला नाही. एका वहीत रकाने आखले होते: तारीख, वेळ, किती मि.ली. जमलं, आग किती, कातडी कशी. 'कातडी' या रकान्यात ते 'बरी', 'ठीक', 'उत्तम' लिहायचे. पहिल्यांदा 'उत्तम' लिहिलं त्या दिवशी माईंनी शिरा केला. अण्णांनी फक्त वास घेतला.

या वहीचा आणखी एक उपयोग पुढे झाला. दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस गळती पुन्हा वाढली. हॉस्पिसच्या डॉक्टरांनी सांगितलं, जठर आता एवढं घेत नाही; पंपाचा वेग आणि रोजचं प्रमाण कमी करू या. अमेरिकेतल्या नणंदेला हे फोनवर कळलं आणि ती माझ्यावर संतापली. "तुम्ही बाबांना उपाशी ठेवताय." मला त्या रात्री झोप लागली नाही. एकीकडे ती रागात चुकीचं बोलत होती, दुसरीकडे माझ्याच मनात तोच प्रश्न होता. आठवड्याने ती आली. मी काहीच समजावलं नाही, वही दिली आणि पिशवी बदलताना शेजारी उभं केलं. ज्या दिवशी पूर्ण प्रमाणात अन्न दिलं होतं त्या दिवसापुढे जमलेलं माप आणि 'आग : फार'. कमी केल्यानंतरच्या दिवसापुढे 'आग : थोडी, झोप लागली.' तिने दोन पानं वाचली, मग हातमोजे घातले. पुढचे दहा दिवस पिशवी तिनेच बदलली. त्याविषयी आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही, पण तिने जाताना तो पुठ्ठ्याचा साचा मागून नेला.

आता अभ्यंगस्नान. मी रात्रीच बेत केला. पिशवी बदलायचा दिवस स्नानाच्या दिवसावर आणला, म्हणजे भिजली तरी हरकत नाही. पहाटे अन्नाचा पंप तासभर आधी बंद. न्हाणीघर आधीपासून तापवून ठेवलं. माईंनी कोमट तेल घेतलं आणि खांदे, पाठ, पाय सगळीकडे जिरवलं. पोटावर मी माझी चार बोटं नळीभोवती टेकवली आणि सांगितलं, "याच्या आत तेल नाही, उटणं नाही." तेल लागलं की पुढची चकती चिकटणार नाही, आणि उटण्याचे कण कडेला अडकले तर घासून निघतील. माई म्हणाल्या, "देवाला हात जोडताना मध्ये दिवा सोडतात तसं." कुठून सुचलं कोण जाणे. उटणं पाठीला आणि पायांना. मोती साबण हातांना लावून दिला, वासासाठी. अण्णा खुर्चीवर बसले, नवऱ्याने हातातला शॉवर धरला, नळीवर पाणी थेट पडू नये म्हणून मी तळहात आडवा धरला. दाराशी कारिटाऐवजी चेरी टोमॅटो फोडला, आमच्याकडे इथे दरवर्षी तोच. त्या दिवशीच्या रकान्यात अण्णांनी लिहिलं : 'उत्तम. वास : मोती.'

मार्गशीर्षात अण्णा गेले. शेवटच्या आठवड्यात अन्न बंद होतं, गळणंही जवळपास थांबलं होतं. कातडी अखंड होती. ही गोष्ट लिहून ठेवावीशी वाटते, इतरांना ती किती क्षुल्लक वाटेल याची कल्पना असूनही.

ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांच्यासाठी थोडं. भारतात ही सेवा नाही असं आपण गृहीत धरतो. सगळीकडे नाही हे खरं, पण मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे रुग्णांकडून पैसे घेत नाहीत. अगदी शेवटच्या दिवसांची वाट न पाहता चौकशी करावी. आणि नळी निघून आली, अन्न देताना दुखू लागलं, ताजं रक्त आलं, ताप आला, कातडी कडक होऊन पसरत चालली, तर घरगुती काहीही न करता ताबडतोब डॉक्टर. निघालेल्या नळीचं छिद्र काही तासांतच आवळू लागतं. खाज सुटून कडेला बारीक पुरळ आलं तर ती बहुधा बुरशी असते, तिला वेगळं औषध लागतं.

या जूनमध्ये सांगलीहून मामेभावाच्या बायकोचा फोन आला. मामीच्या पोटात कॅन्सरमुळे पाणी साठलं होतं, ते काढलं आणि सुईचं भोक चार दिवस झिरपत होतं. वहिनी जुन्या धोतराचे तुकडे बांधत होती. रात्री तीनदा चादर बदलायची. व्हिडिओवर दाखवलं तर कातडी पांढरी, सुरकुतलेली, फार वेळ धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी पाहिलं, जंतुसंसर्ग नाही म्हणाले. मग सांगितलं, मेडिकलमध्ये कोलोस्टोमी बॅग माग, खालून रिकामी करता येते तसली. तिला वाटलं मी काहीतरी भलतंच सांगतेय. ती तर ऑपरेशनवाल्यांची. पोटातलं हे पाणी जठररसासारखं जाळत नाही, नळीचीही भानगड नाही, म्हणून इथे काम सोपं होतं. फोन कपाटाला टेकवून उभा केला. पुसून कोरडं, भोक लहान, चकती तळहातात गरम, मधून बाहेर दाबत जा. मी इथून "डावीकडे सुरकुती राहिली" म्हटलं आणि क्षणभर थांबले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पिशवीत पाऊण लिटर जमलं होतं, चादर कोरडी, मामी सलग पाच तास झोपली होती. वहिनीने फोन तिच्याकडे दिला. आवाज खोल गेलेला, पण मामी मामीच. मला म्हणाली, "यंदा भाजणी इथून पाठवू की तुझी तू करशील? मागच्या खेपेला तुझ्या चकल्या मऊ पडल्या होत्या म्हणे."